पात्याची खीळ

रोबोंच्या झुंजीआधी वजन करायच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. पहिलीच खेप असावी. बापाने पात्याचा रोबो तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता.

“बाबा, पात्याची खीळ कुठंय?”

“काढून पिशवीत टाकली. तेवढंच वजन कमी!”

“अरे, खीळ वजनात धरतच नाहीत! पातं फिरू नये म्हणून असते ती. रिंगणात जाईपर्यंत काढायची नसते.”

“मग घालू की परत. एवढी काय घाबरतेस?”

“आणि हा दिवा का पेटलाय?”

“मघाशी सुरू करून बघितला. म्हटलं, ऐन वेळी तोंडघशी पडायला नको.”

“बाबा, हलू नकोस.”

“अगं, मग रिमोट बंद कर.”

“बंद केल्यावर पातं आपोआप फिरत नाही, हे आपण कधी बघितलंय? घरी दर वेळी बॅटरीच काढायचो.”

“मग बॅटरी काढ!”

“तिचं झाकण तुझ्या छातीला टेकलंय.”

“बरं, बरं. पिशवीतली खीळ घे आणि हळूच घाल. अगं, हात का थरथरतोय तुझा?”

“त्याच हातात रिमोट आहे, बाबा.”