झिंग्याची भावकी

आमच्या सासऱ्यांचं सांगतो. उमरीला असतात. मेहुण्याला नोकरी लागेपर्यंत मासा खाणार नाही, असा नवस बोलून बसले होते. एकदा मामींनी बाकीच्यांसाठी झिंगे केले. मामा वास घेत मला म्हणाले, "जावई, तुम्ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता. झिंगा मासा हाय का?"

"न्हाई मामा. माशाला पाठीचा कणा असतो, झिंग्याला नसतो. तो झुरळाच्या भावकीतला."

मामांनी समाधानानं ताट पुढं ओढलं. "ऐकलं का? वाढ."

मामींनी पातेलं उचललं, परसात नेऊन मांजरापुढं ओतलं. "झुरळाची भावकी माझ्या चुलीवर न्हाई."

पुढं मेहुण्याला नोकरी लागली, नवस फिटला. त्या घरात झिंगा अजून शिजला नाही. मामा आता मला फक्त हवापाणी विचारतात.