सव्वादोन इंच

ढकला, ढकला, आता थांबू नका — इथून उतारच आहे, नुसता हात लावून ठेवला तरी येईल आपोआप — स्टिअरिंग मी धरलंय, तुम्ही मान खाली घाला आणि ढकला. दमलात? जावईबापू, कोपऱ्यापासून दुकानापर्यंत तर आणलीत, एवढ्यात फेस आला तोंडाला? एवढी भन्नाट पळणारी गाडी घ्यायची आणि ती चार हात ढकलायची म्हटलं की धाप लागायची — असू द्या, मी काही बोलत नाही, तुमचं काम बसून करायचं आहे, बसूनच करा. चालू करून आत आणली असती तर काय झालं असतं? धुराचा पाइप तापला असता. टर्बोच्या तोंडाशी पाइप किती तापतो माहितीय का, आणि तापलेल्या पाइपाला मी हात लावत नाही, नियम आहे माझा. हो, कोपऱ्यापर्यंत चालवतच आणलीत, तापलेला आहेच तो, मला काय कळत नाही का — पण अजून तापला असता ना. वाद कशाला घालता? आलात ना दुकानात? मग. आता हळू, गाडीखाली उतरायचा खड्डा आहे, चाकं दोन्ही बाजूंनी बसली पाहिजेत — डावं बघा, तुमच्या बाजूचं, मला सांगा किती जागा आहे — सांगा म्हणजे, मला दिसतंय, तुम्हाला दिसतंय का ते बघतोय. झालं. चावी तुमच्याकडेच राहू द्या, इथं ठेवलेली वस्तू सापडत नाही. शटर अर्धं ओढा खाली. अर्धं नाही, अजून. अजून थोडं. ऊन येतं.

आता मला खाली उतरवा. हात द्या — कडेच्या लोखंडी पायऱ्यांतली वरचीच तुटलीय, पोरगी डाग मारून देणार आहे म्हणाली होती, राहिलंय, तोवर तीच हात देते मला. अरे वा, काय मऊ हात आहे हो तुमचा. साबणाच्या जाहिरातीत चालेल. याच हातात मी माझी मुलगी दिली, बघा. तर तीन इंच. कोपऱ्यावर काच खाली केलीत आणि पहिलं वाक्य काय, तीन इंची पाइप पाहिजे, टर्बोपासून शेपटापर्यंत सरळ. दुसरं वाक्य, ती कशी आहे. माझा डोळा कसा आहे, हे तिसऱ्यातही नव्हतं. ज्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बायकोला माहेरी पाठवलंत त्या डोळ्याची एका शब्दानं चौकशी नाही. आता विचारून काय उपयोग, बरा आहे, चांगला आहे, तुम्ही तुमचं बोला. तीन इंच कशाला हवाय? इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवलात म्हणून. तो कशाला बसवलात? मी सांगतो. तिनं तुम्हाला कधीतरी सांगितलं असणार — मोठा टर्बो घातलास तर अडीच इंची पाइप पुरायचा नाही, तीन इंची लागेल, तो मी माझ्या हातानं करून देईन. म्हटलीय ना? मग तुम्ही काय केलंत, टर्बो बदललात. म्हणजे पाइप लागेल, पाइप म्हणजे माझं दुकान, आणि गिऱ्हाईक म्हणून आलं की सासरा हाकलणार नाही. मागच्या खेपेला हाकललं ना मी तुम्हाला दारातून. त्याच्याही आधी हाकललं. काय डोकं लावलंत हो, मानलं. एका बायकोला भेटायला एवढं सगळं यंत्र उचकटलं. पुरुषासारखा पुरुष असता तर जिना चढून वर घरात गेला असता.

नाही, आता कुठं निघालात? थांबा. मी म्हटलं म्हणून जायचं नाही. ती म्हणालीय, त्याला वर पाठवू नका. हो, तिनंच. मी माझ्या पदरचं एक अक्षर घालत नाही. तुम्हीच फोनवर म्हणाला होतात ना, सावकाश येऊ दे, इथं काही अडत नाही? म्हणाला होतात. चांगल्या अर्थानं म्हणालात की वाईट अर्थानं, मी कसा ठरवू, मी आपलं तिला सांगितलं, इथं काही अडत नाही म्हणतोय तो. तोंड पाडून बसली. मग मी म्हटलं, राहा इथंच, माझं तरी अडतंय. आता फोन ती उचलत नाही म्हणता, तर तिचा फोन माझ्याकडे असतो, दुकानाची कामं त्यावरच येतात, तुमचा सकाळचा पण मीच नाही का घेतला? तेव्हा बरं वाटलं तुम्हाला, कुणीतरी उचलला म्हणून. द्या तो पाइप. त्या भिंतीकडचा — नको, राहू द्या, माझ्या इथं हाताशीच ठेवलेत काढून. हा. हा सव्वादोन इंची. हा घालायचा तुमच्या गाडीला, आणि मागे एक नाही, दोन सायलेन्सर, एकापाठोपाठ एक. मांजर आल्यासारखी येईल गाडी. दारात येऊन उभी राहिली तरी घरातल्याला कळणार नाही.

काय? हा तीनचा आहे? दाखवा. तेच म्हणतोय मी. तीनचा आहे, तुम्ही ओळखता का ते बघत होतो. उजेड कमी आहे इथं खाली. दिवा आहे, दिसतोय मला दिवा, तुम्ही नका सांगू — सव्वादोन कुठला? हा? बोटं घालून बघतो थांबा, डोळ्यापेक्षा बोटं खरी. हा. हा सव्वादोन. आता ऐका, लहान पाइपानं धूर दाबात राहतो, गाडी खालून जोर धरते, मोठ्या पाइपानं सगळा जीव मागून निघून जातो. हसू आलं का तुम्हाला? तिनं उलटं सांगितलंय? टर्बोच्या मागे वाट जितकी मोकळी तितका टर्बो लवकर फिरतो, असंच ना? अहो, तिला कोणी शिकवलं ते? मीच. येईल त्या गिऱ्हाइकाला मी तेच सांगतो, कालच एकाला तीन इंची घालून दिला. मग तुम्हाला सव्वादोन का? कारण तुम्ही गिऱ्हाईक नाही. तुम्ही जावई आहात. जावयाच्या जिवाची काळजी असते, जोरात पळवाल कुठं तरी. असंच समजा.

हातमोजा घालू द्या. जुना आधी काढून टाकू. नटबोल्ट कोण सोडवत बसणार, गंजलेत — नाही गंजले? चकाकताहेत? बरं, चकाकताहेत, मी कापणार आहे. एकदा कापला म्हणजे तुमचं मन फिरायला जागा नको, तुमचं मन फार फिरतं. कानावर हात ठेवा.

— झाला. पडला. उचला तो बाहेर, मागून ओढून घ्या, सांभाळून, कड धारदार आहे, ते मऊ हात कापतील. ग्राइंडरच्या आवाजानं काही नाही, तो तिला रोजचा, वर बसून ऐकते आणि म्हणते, डिस्क झिजलीय बाबा, बदला. काय कान आहे पोरीचा. काय बघताय एवढं त्या पाइपाकडे? वेल्डिंगचा जोड बघताय? हो, तिचाच आहे. वेणी घातल्यासारखा जोड पडतो तिच्या हातून, एक पेड वर एक खाली नाही. तुमच्या लग्नाच्या वेळी केला होता तिनं, गाडीला आहेर म्हणून, सगळे हसले होते. मला नव्हता माहीत का? माहीत होता. कापला. तुम्हाला नवा हवा होता ना? मग जुन्याला काय करायचंय, देवघरात ठेवता? डोळ्यांत पाणी आलं वाटतं. अहो, पाइप आहे तो. मीसुद्धा तसाच जोड मारायचो. आता — आता मी लक्ष ठेवतो. हात तिचा, नाव दुकानाचं. गिऱ्हाईक काम बघून येतं, काम कुणाचं ते कुठं बघतं? ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाला हळूहळू दिसेल. नाही दिसलं. मग काय करू, शटरला कुलूप लावून घरात बसू, आणि पोरगी तुमच्याकडे चहा करायला ठेवू? एवढा हात घरकामात घालवू? तिचंच भलं बघतोय मी. इथं तिला किंमत आहे.

रमलीय ती. अगदी रमलीय. पहिले पहिले संध्याकाळ झाली की खिडकीत जाऊन बसायची, कोपऱ्यावर गाडी वळली की कान टवकारायची. ही नाही, म्हणायची, ही दुसरीच कुणाची तरी. तुमचा अडीच इंची पाइप तिनं बांधलेला, त्याचा सूर तिला भिंतीपलीकडून कळतो. विचारायची, बाबा, मी माल आणायला गेले होते तेव्हा आला होता का तो? मी म्हणायचो, नाही गं. आता काय करणार होतो, आला होता म्हणून सांगून तिचा जीव टांगणीला लावणार होतो? दोन्ही खेपेला तेच सांगितलं, कुणी आलं नाही. हळूहळू विचारायची थांबेल. थांबलीच आहे म्हणा — काल नाही विचारलं. नाही, विचारलं, पण सहज. एकदा सव्वादोन इंची बसला की तोही प्रश्न नाही, तुम्ही या, जा, रोज गल्लीतून फेऱ्या मारा हवं तर, कुणाला त्रास नाही —

काय म्हणालात? मी काय म्हणालो? मी म्हणालो तिलाच तुम्हाला भेटायचं नाही. तेच म्हणालो. खिडकीचं सुरुवातीचं सांगत होतो मी, आताचं नाही. आवाज चढवू नका माझ्या दुकानात. चढवा, वर खिडक्या बंद आहेत, पंखा लावून पडलीय ती, तुमच्या त्या पिपाणी आवाजानं तिला जाग यायची नाही. आयुष्यात एकदा तरी मोठ्यानं बोललात का कुणाशी? म्हणून सांगतो, पुरे झालं, सव्वादोन घाला आणि गुमान घरी जा. धरा हे टोक. कुठं गेलात? दार कशाला उघडलंत गाडीचं? काही राहिलंय का आत? अहो, बसू नका, मी खाली आहे. जावईबापू. चावी लावू नका. पाइप नाहीये गाडीला, टर्बोचं तोंड उघडं आहे माझ्या डोक्यावर, पाइप मी आत्ताच — अहो —

बंद कर. बंद कर म्हणतो ना. ए — कान फुटले माझे — गावभर ऐकू गेलं असेल — बंद कर ते —

हां. झालं समाधान? धूर गेला सगळा नाकातोंडात. मारणार होतास का मला? कोर्टात खेचीन.

पाय कुणाचे ते? तिथं, खड्ड्याच्या कडेला. तू आहेस का? अगं, अनवाणी काय आलीस, लोखंडाचा चुरा पडलाय सगळा. वर जा तू. कुणी नाही, गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक आहे गं, पाइप बदलायला आलंय. तो तुकडा ठेव खाली. मी कापला, हो, पण यांनीच सांगितलं कापायला. विचार त्यांना. तीन इंची हवा म्हणून हट्ट धरला, मी नको म्हणत होतो. काय सांगताय तिला? मोठ्यानं सांगा, माझ्या कानात अजून घणघणतंय, काही ऐकू येत नाहीये. खोटं सांगतोय तो. फोन तूच दिला होतास माझ्याकडे, कामाचे येतात म्हणून, आठवतंय ना? कुणी आलं नाही असं मी तुझ्यासाठीच म्हटलं. अगं, तुझ्यासाठी. उद्या ते दोन पाइप द्यायचेत, त्यांचे जोड कोण मारणार?

शटर वर गेलं का? उजेड आला एकदम. गाडी इथंच सोडून कुठं निघालात, गाडी माझ्या डोक्यावर उभी आहे. तिला चप्पल तरी घाल म्हणावं. बरं, जा, जायचं तर जा, मला आधी वर घ्या. हात दे. वरची पायरी तुटलीय, तुला माहितीय, एकट्याला येता येत नाही मला. रागावायचं ते वर आल्यावर रागाव. हात दे जरा. तुम्ही तरी द्या, जावईबापू. हा बघा, मी वर केलाय. इकडे आहात की तिकडे? बोलताय का काही? मला ऐकू येत नाहीये हो, अजून घणघणतंय. आहात ना तिथं?