फीत मी कापली

न्हाई, आदिनाथभाऊ, वाऱ्यानं न्हाई तुटली – मी कापली फीत. बँडेजच्या कात्रीनं. नऊला कापली, आन आतापर्यंत सात लेकरं तपासून झाली. – आमदारसाहेब नारायणगडावरून निघालेत? निघू द्या की. दर्शन झालं, प्रसाद झाला, मग वाटंतल्या गावांचे हार – साहेबांना हितं चकलांब्याला पोचायला एक वाजतोय, मला काय ठाऊक न्हाई का? तुमचं बी समजते मी, कार्यक्रम तुमच्या गळ्यात पडलाय, पण हे लेकरांच्या हृदयाचं शिबिर हाय, साहेबांचा वाढदिवस न्हाई. – आज वाढदिवसच हाय? असू द्या. तरी बी न्हाई.

रीत? रीत मला नका शिकवू. मी परळीच्या युसूफ मिस्त्रीची पोरगी. ट्रकची इंजिनं खोलायचे अब्बा, थर्मलची राख उडायची त्या रस्त्यावर आमचं गॅरेज. लेकरांच्या हृदयाची डॉक्टर व्हणार म्हणलं तर अख्खा मोहल्ला हसला – लेकराला कुठं हार्टचं दुखणं असतं का, शाईस्ता? असतं. पोटातूनच घेऊन येतंय. बारा वर्षं शिकले त्याच्यापायी, मधी सासरचे म्हणले आता बास – तर सासर सोडलं, शिक्षण न्हाई सोडलं. चेन्नईचा मोठा दवाखाना जाऊ देत नव्हता, तरी आले परत. कावून आले? हितं लेकरू निळं पडलं तर लोक म्हणतेत थंडी वाजली आसंल, म्हणून आले. मी कुणाला भेत न्हाई, लिहून घ्या तुमी.

– मागल्या वर्षी मग कावून थांबल्या? ... हां. थांबलते. बरं काढलंत. हीच शाळा, असंच ऊन, पटांगणात मांडव. मी स्टेजवर, अंगावर शाल, मांडीवर नारळ. खाली विमलबाईची सुकन्या, चार वर्षांची. ओठ जांभळे. दोन पावलं पळाली की उकिडवी बसायची, लोकांना वाटलं खेळती. खेळत नव्हती, भाऊ! या दुखण्याची लेकरं दम लागला की तशी बसतेत, तेवढंच रक्त जास्तीचं फुफ्फुसाकडं जातं. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाचं पोरगं बी सांगंल हे. मला वरून दिसलं. दिसलं म्हणते ना – दोनदा दिसलं. आन मी बसून राहिले. उठावं तर साहेबांचा अपमान, आन ही तपासायची मशीन त्यांच्या निधीतून येणार व्हती, त्याच स्टेजवरून जाहीर करणार व्हते. म्हणलं, अर्धा तास तर हाय. दीड तास गेला. लेकरू उन्हात रडून रडून काळंनिळं पडलं, तवा मारली उडी – गुडघे छातीशी धरले, ऑक्सिजन लावला, माझ्याच गाडीत घातलं. गेवराईच्या अलीकडंच गेली, माझ्या मांडीवर. मशीन पुढच्या महिन्यात आली. हीच. हीच ती, हिच्यावर साहेबांचा फोटो चिकटवलाय तुमी.

– परत न्हेतील? न्हेऊ द्या! पण लेकरं तपासून झाल्यावर न्या, तवर तिला हात लावायचा न्हाई कुणी. मशीन न्हेली तर नुसता कान लावून तपासीन, पण थांबणार न्हाई. लावा फोन, आत्ता लावा – सांगा, डॉक्टरबाईनं फीत कापली आन पुढच्या वर्षी बी तीच कापणार.

आन हळू बोला जरा. ती दारात आठव्या नंबरला उभी हाय ना, कडेवर सहा महिन्यांचं बाळ – तीच विमलबाई. याच्या बी छातीत आवाज येतोय म्हणती. वर्षभर जिथं भेटंल तिथं माझ्या पाया पडती ती – डॉक्टरबाई, तुमी लई पळापळ केली माझ्या सुकन्यासाठी, म्हणती. आन मी पडू देते, भाऊ. कुणाला न भेणारी मी, गप उभी राहून पडू देते.

आज न्हाई. आदी बाळाची तपासणी, मग सांगते तिला की मी वरून बघत बसलते. तिला मारावं वाटलं तर मारू द्या, मधी पडू नका तुमी. – आली का साहेबांच्या पुढची गाडी? वाजू द्या हॉर्न. दारातून बाजूला व्हा. जा, हार घेऊन जा तुमच्या साहेबांकडं, जा.

विमलबाई, या. या आत. – न्हाई. न्हाई, बाई, पाया न्हाई पडायचं.