काकांचा सपाट रुपया

नाही, पण भिंग हातात द्यायचंच कशाला मी म्हणतो, उत्तर आधीच ठरवून ठेवलं असेल तर? आमचे भास्करकाका, देवासचे, रिटायर्ड बडे बाबू… तुम्हाला सांगतो, या माणसाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, 'पुराना सिक्का बेचो, लखपति बनो', आणि सरळ देवघरात घुसले! तिथे ताम्हणात पूजेचा जुना रुपया. त्यावर सिंह नाहीत! कणसं नाहीत! एकदम सपाट! झालं, धारला फोन, बदनावरला फोन, "टाकसाळ चुकली रे! ठसा मारायलाच विसरली! या सगळे!"

मी धारचा. बी.कॉम. अर्ध्यात सोडलं, दोन वर्षं नुसती नाणी बघतोय, इंदूरला नाण्यांचं दुकान टाकायचंय. काकांनी जमलेल्या वीस नातेवाइकांसमोर जाहीर केलं, "मयुरेश, टाकसाळीची चूक निघाली तर तुझ्या दुकानाचं डिपॉझिट माझ्याकडून. नाही निघाली, तर जुलैत गुपचूप कॉलेज!"

आता सांगा, अक्कल असलेला माणूस काय करेल? 'वा काका!' म्हणेल, पोहे खाईल, धारची बस पकडेल. पण मला गप्प बसवतं कुठे?

भिंग लावलं. म्हटलं, "काका, ठसा पडलाच नसता तर खूणसुद्धा नसती. इथे सिंहाची आयाळ अजून पुसट दिसतेय, वर बारीक ओरखडे, कडा गुळगुळीत. हा मागाहून झिजलाय."

"कल का छोकरा! अरे, आपले पूर्वज दरबारच्या खजिन्यावर होते! पारख रक्तात आहे आपल्या! आणि मी राहतो कुठे? देवासात! जिथे नोटा छापतात!"

नोटा! कागदाच्या! उद्या म्हणतील, घरासमोर दवाखाना आहे, आण तो चाकू, ऑपरेशन करतो!

तरी तिथे थांबायचं ना, भिया? पण मला गप्प बसवतं कुठे? म्हटलं, "वजन करा. ठसा चुकला तरी धातू पूर्ण असतो. आठ ग्रॅम भरला तर तुमचं खरं." निघाली वरात सराफाकडे! उमाशंकरजींनी काट्यावर ठेवला… "छह पॉइंट आठ."

"काटा खराब आहे!" काका ओरडले.

"भाईसाब, इसी काटे पे भाभीजी की चेन तौली थी आपने."

आणि मागून आमची विनोदिनीकाकू, अगदी शांतपणे, "अहो, मी रोज घासते ना त्याला! राख, चिंच, वर नारळाची शेंडी. लग्न होऊन आले तेव्हा तीन सिंह होते. एकेक करत गेले. विचारलं असतंत तर सांगितलं असतं… पण विचारता कधी?"

जिंकलो होतो, तुम्हाला सांगतो! हात जोडून घरी जायचं! पण मला गप्प… म्हटलं, "म्हणजे एक पॉइंट दोन ग्रॅम धातू गेला. कुठे गेला? ताम्हणातल्या त्याच पाण्याचं तीर्थ आपण सगळे इतकी वर्षं प्यायलो. सिंह आपल्या पोटात आहेत!"

वीस माणसं. वीस हात. वीस पोटांवर!

काकांनी रुपया खिशात टाकला, माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास. शंभर टक्के बरोबर निघालास. एक जुलै, सकाळी साडेसात, कॉलेज."

म्हणजे बघा… जन्मात एकदाच परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले, आणि त्याचीच शिक्षा म्हणून पुन्हा शिक्षण!