दुधासारखा पातळ

अगं, माझी लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली, ती एक प्लॅस्टिकचं छोटं विमान अर्धवट जोडून ठेवून. बोरिवलीच्या घरात मी एकटी काय करणार? म्हटलं, आपणच रंगवू. ब्रशने मारला तर केरसुणी फिरवल्यासारखे पट्टे. मग तिचा एअरब्रश काढला, तर तो फवारा सोडायच्या ऐवजी पंखावर थुंकायलाच लागला. लावला तिला व्हिडिओ कॉल.

"आई, रंग दुधासारखा पातळ केलास ना?"

"केला की, आपल्या दुधासारखा."

"म्हणजे म्हशीच्या? आई गं! त्यावर बोटभर साय येते. त्याहून खूप पातळ कर."

थिनर वाढवलं आणि पंख झकास झाला, एकदम गुळगुळीत.

पण एरवी रविवारी पाच मिनिटं बोलणारी पोरगी आता रोज विचारते, "आई, जमलं का?"

मी म्हणते, "कुठे गं, वाट लागलीय नुसती."

"दाखव बघू."

म्हणून विमान कपाटात लपवलंय, आणि तिचा फोन यायच्या आधी सरावाचा म्हणून तिला दाखवायला एका प्लॅस्टिकच्या चमच्यावर मुद्दाम घट्ट रंग मारून ठेवते.