सगळ्यांत स्वस्त गॅलरी

ओटिल्का : पुन्हा बुटाची नाडी? आजोबा, मागच्याच वळणावर तर बांधलीत!

आलोइझ : नवे बूट गं. नवं स्टेडियम, नवे बूट. दोन्हींची अजून सवय व्हायचीय.

ओटिल्का : सामना सुरू व्हायला दोनच मिनिटं उरलीत! आणि वरून काय दिसतं म्हणून सांगू! शाळेतून नेलं होतं ना आम्हाला परवा. अख्खं मैदान, पलीकडे तुमच्या खाणीचा मनोरा, आणि नीट बघितलं तर तुमच्या कबुतरांचं खुराडंसुद्धा.

आलोइझ : म्हणजे आता कबुतरंही मला बघणार. थांब हं, हा खांब बघू दे. काय काँक्रीट ओतलंय!

ओटिल्का : खालच्या मजल्यावर कठडा बघितलात. त्याच्या खाली आगीचा नळ. स्टेडियम विकत घ्यायचंय का?

आलोइझ : तिकिटांचे भाव बघता तेच परवडेल.

ओटिल्का : हे मात्र खरं! जुन्या मैदानात कसं, बांधावर कुठेही उभं राहा, भाव एकच. इथे गवताजवळचा हंगामाचा पास अकराशे झ्लॉटी, आणि जसजसं वर जाल तसा स्वस्त. सगळ्यांत वरचा चारशे. मी म्हटलं, वर तर वर! पायांचे कुठे पैसे पडतात? दोन महिने बेकरीत राबले मी या दोन पासांसाठी. पण तुमच्या वाढदिवसाला पाकीट उघडलं तर आजी चक्क रडायला लागली. मला कळेचना.

आलोइझ : म्हातारी आहे, रडते. मी मात्र पबमध्ये तीनदा दाखवला. शेजारच्या एर्विनचा तर जळफळाट झाला.

जिन्यावर पास तपासणारी बाई : काका, बरं वाटत नाहीये का? ओठ निळे पडलेत तुमचे.

आलोइझ : ब्लूबेरीचा केक खाल्लाय.

ओटिल्का : केक कुठला? आपण सॉसेज खाल्लं.

बाई : खाणीत होतात ना? माझा नवराही होता. हा श्वास मी ओळखते.

आलोइझ : हळू बोला हो. पोर आहे बरोबर.

ओटिल्का : पोर ऐकतेय.

बाई : लिफ्ट आहे, पण ती काचेच्या महागड्या खोल्यांपर्यंतच जाते. गॅलरीला जिनाच. खालची जागा हवी असेल तर माणशी सातशे आणखी भरावे लागतील.

आलोइझ : मुळीच नाही. पोरीचे हात बघा, भट्टीच्या ट्रेने पोळलेत.

ओटिल्का : आजोबा, तुम्ही खाली स्वयंपाकघरात का झोपता?

आलोइझ : आता हे काय मधेच! घोरतो मी. आजीला त्रास होतो.

ओटिल्का : आजी तर म्हणते, तुमच्या घोरण्याशिवाय तिला झोप येत नाही. घरच्या जिन्याला पायऱ्या किती?

आलोइझ : चौदा.

ओटिल्का : वर शेवटचे कधी आलात?

आलोइझ : तुझ्या खोलीची खिडकी बसवली तेव्हा. नाताळच्या आधी.

ओटिल्का : आणि मी गाढव, तुम्हाला एवढा उंच जिना भेट दिला! बोलला का नाहीत?

आलोइझ : पाकीट देताना तुझा चेहरा बघितला होतास का तू? मला नाही जमलं. म्हटलं, हंगाम सुरू व्हायला वेळ आहे, सराव करू. तू शाळेत गेलीस की घरच्या जिन्यावर चढून बघायचो. नऊपर्यंत जायचो.

ओटिल्का : चौदापैकी?

आलोइझ : एकदा दहा.

बाई : बसा काका, इथेच पायरीवर टेका. मी पाणी आणते.

(वरून प्रचंड आरोळी. जिन्याचा कठडा थरथरतो.)

आलोइझ : गोल! इतक्या लवकर! पळ, ओटिल्का, निदान तू तरी बघ.

ओटिल्का : नाही जात.

आलोइझ : अगं, पहिला सामना आहे. आयुष्यभर सांगशील. मी बसतो इथे, मला कुठे जायचंय?

ओटिल्का : सरका जरा. मला बसू द्या.

आलोइझ : आपलाच गोल असणार. कुणी मारला असेल गं?

ओटिल्का : माहीत नाही, आजोबा. तुम्ही आधी श्वास घ्या.