शेवटच्या चौकटीतला राखाडी कोट

ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट. मंगळवार, दि. १२ डिसेंबर १९८९, दुपारी १.१५.
मयत: इलोना साबादोश (मूळ शब्द खोडून दुरुस्ती. सही: ने. फ.)

माझे नाव नेल्सन फरेरा, वय २२ वर्षे, शिक्षण दहावी अर्धवट, धंदा कॉमिक्सच्या दुकानात नोकरी, राहणार हॅलेट स्ट्रीट, दुसरा मजला, एकटा. सार्जंट डफी यांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे:

मी मॅडिसन अव्हेन्यूवर श्री. डेल हॅरिगन यांच्या दुकानात चार वर्षे कामाला आहे. जुना अंक विकण्यापूर्वी त्याची पाने मोजणे, पिना गंजल्या आहेत का ते पाहणे आणि प्रत पिशवीत घालून वर माहितीची चिठ्ठी लावणे हे माझे काम. नवे अंक शुक्रवारी येतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे अंक आम्ही वेगळे काढून ठेवतो. प्रत्येकाची एक पेटी असते, पेटीवर नावाची पट्टी असते. पट्ट्या मी लिहितो.

सदर बाई दर शुक्रवारी साडेतीनला येत. वय सत्तरच्या आसपास, अंगात राखाडी कोट. त्या फक्त 'अखेरची फळी' या मालिकेचे अंक घेत. त्यांच्या पेटीवर 'राखाडीबाई' असे लिहिलेले आहे. हे नाव श्री. हॅरिगन यांनी ठेवले. त्याचे कारण असे:

'अखेरची फळी' ही सहा महावीरांची टोळी आहे. अंक ९ सन १९६३ चा आहे. तोपर्यंत अशा टोळ्यांतले वीर आपसात भांडत नसत. या अंकात शहर वाचवण्यासाठी म्होरक्या बोगद्याचे दार लावून घेतो आणि त्याचा सोबती आत राहतो. बाकीचे त्याच्याशी बोलणे सोडतात. शेवटच्या चौकटीत तो रस्त्याने एकटा निघून जातो. अंकभर त्याचा कोट लाल आहे, शेवटच्या चौकटीत राखाडी आहे. यानंतर सगळ्याच टोळ्यांत भांडणे आणि सोडून जाणे सुरू झाले, म्हणून संग्राहक या अंकापासून नवा काळ मोजतात. राखाडी कोट म्हणजे त्याने वीरपण उतरवून ठेवले, असे पुस्तकांत लिहिले आहे. माझ्या चिठ्ठीवरही तसेच आहे.

बाईंचे म्हणणे होते की ती त्यांची चूक आहे. इथल्या एका कारखान्यात बायका प्रत्येक पानासाठी लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगाचे भाग वेगवेगळ्या फिल्मवर हाताने भरत. त्यांतल्या आपण एक, असे त्या सांगत. अंकावर लेखक, चित्रकार आणि अक्षरे काढणारा यांची नावे आहेत. या बायकांची नाहीत. त्यामुळे खरेखोटे करण्यास मार्ग नव्हता.

शुक्रवार दि. ८ रोजी त्या आल्या. श्री. हॅरिगन म्हणाले, "आल्या राखाडीबाई! आज कुणाचं वाटोळं केलंत हो ब्रशनं?"

"तुझ्या टकलाला लावण्याइतका रंग उरला नाही रे डेल," असे बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "चिठ्ठी बदललीस का?"

मी म्हणालो, "कशाला बदलू? चित्रकारानं मुद्दाम केलंय ते. पुस्तकात छापलंय."

"मुद्दाम कसलं, पोरा! पाच वाजता पानं न्यायला माणूस यायचा. रस्ता राखाडी भरायचा होता. हा म्होरक्या कोपऱ्यात, नखाएवढा. मला दिसलाच नाही. रस्त्याबरोबर भरून टाकला. मी पत्रानं कळवलं होतं, छापलंय त्यांनी."

मी म्हणालो, "सगळे असंच सांगतात, बाई."

त्यावर त्या म्हणाल्या, "चार वर्षं येतेय मी. माझं नाव तरी ठाऊक आहे का रे तुला?"

मी त्या वेळी एका अंकाची पाने मोजत होतो. मोजणी चुकू नये म्हणून पुढची पाने मोजत राहिलो.

४ वाजून ५ मिनिटांनी त्या गेल्या. दोन वाजल्यापासून बर्फ पडत होता. बसथांबा दुकानासमोरच आहे. ४.४० ला मी काचेतून बाहेर पाहिले. थांब्यावर कोणी नाही असे मला वाटले. बाकावर बर्फ होता आणि राखाडी काहीतरी होते. बस येऊन गेली असेल असे समजून मी कामाला लागलो. ५.५० ला बसचालकाला त्या बाकावर मृतावस्थेत सापडल्या, हे मला नंतर कळले.

सोमवारी सकाळी सार्जंट डफी बाईंजवळ सापडलेली आमच्या दुकानाची कागदी पिशवी घेऊन आले. बाईंच्या खिशात किल्ल्या होत्या, कागदपत्र नव्हते. त्यांनी नाव विचारले. मी पेटीची पट्टी दाखवली. ते म्हणाले, "हे कुठं लिहू मी, बाळा?" गुरुवारपर्यंत नाव न मिळाल्यास शुक्रवारी दफन नावाशिवाय, नुसत्या नंबरावर होईल, असे त्यांनी सांगितले.

तेव्हा मला पत्राची गोष्ट आठवली. वाचकांची पत्रे अंकात पूर्ण नाव-पत्त्यासह छापत असत. मी अंक १० पासून पुढचे काढून पत्रांची पाने वाचली. अंक १३, पान ३० वर हे पत्र आहे: "अंक ९ मधला शेवटचा कोट राखाडी झाला ती माझी चूक. कृपया कलाकारांना दोष देऊ नये. इलोना साबादोश, पाइन स्ट्रीट, ब्रिजपोर्ट." खाली संपादकांचे उत्तर आहे: "झकास गंमत, बाई! पण आमच्या चुका आम्हीच करतो."

अंक १३ च्या चौदा प्रती माझ्या हातून गेल्या आहेत. पान ३० मी प्रत्येक वेळी मोजले होते.

त्या पत्त्यावर त्या अजून राहत होत्या, व त्यांच्या किल्ल्यांनी दार उघडले, असे सार्जंट यांनी आज सांगितले. टोलेडो शहरात त्यांची एक बहीण आहे. ती येईल की नाही हे माहीत नाही. कोणी न आल्यास मला कळवावे. शुक्रवारी मी सुट्टी काढू शकतो.

पेटीवरची पट्टी आणि अंक ९ ची चिठ्ठी मी आज बदलली आहे.

सार्जंट डफी यांनी जबाब टंकून मला मोठ्याने वाचून दाखवला, मीही एकदा स्वतः वाचला. माथ्यावर 'अनोळखी स्त्री' असे होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून नाव घातले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

(सही) नेल्सन फरेरा